पाळण्यांतील विश्वास व गांवचें पुढारपण

सोसायटीची निवडणूक जवळ आली म्हणजे उमेदवाराची जमीन किती, भाऊबंद किती व आवाज किती मोठा, एवढेंच आपण पाहतों. उलट प्रश्न केला असतां हा गृहस्थ संतापतो कीं ऐकून घेतो, हें कोणी पाहत नाहीं. माझ्या मतें पुढारपणाची खरी परीक्षा तीच होय. आणि तिची तयारी पाळण्यापासून सुरू होते.

इंग्लंडांतील मानसवैद्य जॉन बोल्बी यांनीं मूल व आई यांच्यामधील जिव्हाळ्याचें शास्त्र मांडलें. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनीं १९५४-५५ सालीं आफ्रिकेंतील युगांडाच्या खेड्यांत २६ कुटुंबांच्या घरीं वारंवार जाऊन मुलांचें निरीक्षण केलें. पुढें अमेरिकेंत बाल्टिमोर येथें त्यांनीं वर्षाच्या सुमाराचीं मुलें आईपासून थोडा वेळ दूर ठेवून पाहिलीं. आई परततांच कांहीं मुलें तिला बिलगून शांत झालीं व पुनः खेळूं लागलीं. कांहींनीं तोंड फिरविलें. कांहीं बिलगूनही रडतच राहिलीं. ज्या मुलाच्या हांकेला वेळच्या वेळीं ओ मिळते, तें बहुधा पहिल्या प्रकारचें होतें, असें त्यांना आढळलें.

स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखून त्यांना वळण लावण्याच्या शक्तीस १९९० सालीं सॅलोव्ही व मेयर या अमेरिकन पंडितांनीं भावनिक बुद्धिमत्ता असें म्हटलें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इस्राएली लष्करांतील एका अभ्यासांत, जवळीक टाळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखालील शिपायांचें मनःस्वास्थ्य खालावलेलें दिसलें.

आपल्या सोसायटींतही असेंच घडतें. दुष्काळी सालीं एखाद्याचें कर्ज थकतें. चेअरमन तुसडा असेल तर सभासद अडचण लपवितो व सावकाराकडे जातो. स्तुतीचा भुकेला असेल तर जो हांजी हांजी करील त्यालाच नवें कर्ज मिळतें. स्थिर मनाचा चेअरमन मात्र सर्व ऐकून घेतो, आणि नकार द्यावयाचा तर तोंडावर, पण अपमान न करितां देतो. संस्था टिकते ती अशाच्या हातीं.

महसूल खात्यांत कारकुनी करितांना मीं वाटपाचीं अनेक प्रकरणें पाहिलीं. वाद हातभर बांधाचा असे. परंतु दोघे भाऊ बोलूं लागले म्हणजे बापानें कोणाचें कधीं ऐकलेंच नाहीं, हें गाऱ्हाणें बाहेर पडे.

यांत दोष एकट्या आईचा मानूं नये. सुगीच्या दिवसांत ती शेतांत राबते. मुलाला ओ देणें हें बापाचें व आजीआजोबांचेंही काम आहे. तसेंच बाळपण म्हणजे कपाळीं लिहिलेला लेख नव्हे; विश्वासू जोडीदार, गुरु किंवा मित्र लाभल्यास मोठेपणींही मन सुधारतें.

म्हणून शेतकरी बंधूंस दोनच सूचना. घरीं मुलाला हिशेबाची वही हातीं द्यावी, आणि तो चुकल्यास चारचौघांत त्याचा पाणउतारा करूं नये. आणि मत देण्यापूर्वीं उमेदवाराला एक अडचणीचा प्रश्न विचारून त्याच्या चेहऱ्याकडे पाहावें.