फॉर्म बोटाखाली मावत नाही तेव्हा

भगिनींनो, अलीकडे येणाऱ्या बऱ्याच पत्रांत एकच गाऱ्हाणं असतं. मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म किंवा बँकेचं काम मोबाईलवर करायला बसावं, तर अक्षरं मुंगीएवढी! 'पुढे' दाबायला जावं तर शेजारचं 'रद्द' दाबलं जातं, नि अर्धा तास खपून भरलेलं सगळं पुसून जातं. एकीनं तर लिहिलंय, "शेवटी पासवर्डसकट फोन भाच्याच्या हातात देते. आपल्याला नाही बाई हे जमायचं."

अहो, जमलेलं नाही ते तुम्हाला नव्हे, ज्यानं ते पान मांडलं त्याला!

असं पाहा, वाड्यातून दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये बिऱ्हाड हलवताना आपण शिसवी कपाट नि पाण्याचं पिंप जसंच्या तसं कोंबतो का? रोजचं हाताशी ठेवतो, सणावारी लागणारं माळ्यावर टाकतो. पुष्कळ ठिकाणी मात्र संगणकाच्या हातभर पडद्यासाठी मांडलेलं पान तसंच्या तसं वीतभर मोबाईलमध्ये कोंबलेलं असतं.

बरं, प्रश्न नुसता आकाराचाही नाही. माउसचा बाण सुईच्या टोकासारखा; आपल्या बोटाचा टेकणारा भाग सेंटीमीटरभर, आणि ते जिथे टेकेल तेच झाकून टाकतं. बाण एखाद्या शब्दावर नुसता नेला तरी खालची यादी उलगडते. बोट नुसतं वर धरलेलं फोनला कळतच नाही, मग ती यादी उघडायची कशी? माउसचं उजवं बटणही इथे नाही. त्यात लिहायला लागलं की कळफलक अर्धा पडदा गिळतो, नि हवं ते बटण नेमकं त्याच्याखाली दडतं.

जाणकारांना हे ठाऊक नाही असं नाही. लहान नि लांबच्या खुणेवर नेम धरायला वेळ जास्त लागतो, हे पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच मांडलं होतं. २००७ साली आयफोन आला तेव्हा संगणकाची पानं आकसून दाखवायची नि टिचकी मारून मोठी करायची, अशी सोय होती. पण ती तात्पुरती मलमपट्टी. २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी वेगळी रीत मांडली: पडद्याची रुंदी पाहून पानानंच आपली मांडणी बदलायची, शेजारचे रकाने एकाखाली एक घ्यायचे. दाबायची जागा निदान नऊ मिलिमीटरच्या आसपास असावी, असं गुगलनंही सांगून ठेवलंय. (उलटी फजितीही झाली बरं का! २०१२ च्या विंडोज ८ मध्ये बोटानं वापरायची मांडणी संगणकावर लादली आणि सवयीचं स्टार्ट बटणच काढलं. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी ते परत आणावं लागलं.)

आता आपल्या हाती काय आहे ते पाहू. अक्षर बारीक असेल तर दोन बोटं फाकवून पान मोठं करा, मगच दाबा. वाचताना फोन आडवा धरा, लिहिताना मात्र उभा, कारण आडव्या फोनवर कळफलकाखेरीज फारसं काही उरत नाही. बटण दिसेनासं झालं तर आधी कळफलक मिटवून पाहा. यादी सापडत नसेल तर कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबा. माळ्यावरचं सामान बहुधा तिथेच असतं. क्रोममध्ये तीन टिंबांखाली 'डेस्कटॉप साइट' असतं. त्यावर चुकून खूण झाली असेल तर अक्षरं एकदम बारीक होतात, तेव्हा ती काढा. उलट, एखादं बटण मोबाईलवर दिसतच नसेल तर तीच खूण करून पाहा. उजव्या बटणाचं काम पुष्कळदा बोट दाबून धरल्यानं होतं.

आणि हे खास लक्षात ठेवा. चुकीच्या बटणावर बोट टेकलंच तर घाबरून उचलू नका. न उचलता तसंच बाजूला सरकवा, मग सोडा. बहुतेक ठिकाणी बटण दाबलं गेलं असं धरलं जात नाही. पैसे पाठवताना याचा उपयोग होईल, पण त्यावर विसंबू मात्र नका. आधी रक्कम नि नाव मोठं करून वाचा.

एवढं करूनही फॉर्म हटला, तर घरच्या कुणाच्या तरी संगणकावर बसा. शेजारी कुणी मदतीला असू दे, पण पासवर्ड नि ओटीपी तुमच्याच बोटांनी घाला. भाचा कितीही गुणी असला तरी. आणि त्या कचेरीला तक्रार जरूर करा. कोणता फोन, कोणतं पान, कोणतं बटण दिसत नाही, एवढं दोन ओळींत लिहून सोबत पडद्याचा फोटो जोडा. पाठवण्यापूर्वी त्यातला खाते क्रमांक तेवढा झाका.