बिऱ्हाड पाठीवर, हिशेब कागदावर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. पण हजारो माणसांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन ग्रहाग्रहांमधून हिंडायचे ठरवले, तर ओझे किती होईल? हा प्रश्न एक संगणकीय खेळ मोठ्या गांभीर्याने विचारतो.

स्टीव्ह वॉल्मस्ली या ब्रिटिश गृहस्थांनी एकट्याने रचलेला आणि विनामूल्य दिलेला ‘ऑरोरा’ हा तो खेळ. त्याची नव्याने लिहिलेली आवृत्ती २०२० साली आली. डोळे दिपवणारी चित्रे त्यात नाहीत. आहेत ते तक्ते आणि रकाने. अंतराळात वसतिस्थान उभारायचे तर खनिजे हवीत, कारखाने हवेत आणि धीर हवा. इंजिन नसलेले स्थानक कारखान्यांतच बांधता येते, त्याला जहाजबांधणीची गोदी लागत नाही. मात्र ते हलवायचे तर ओढून नेणारे दुसरे यान हवे, आणि ओढायचे वजन वाढले की वेग उतरतो. इंजिन स्थानकातच बसवावे, तर इंजिन आणि इंधन हेच नवे ओझे होऊन बसते. सुखसोय आणि चाल या दोन्ही गोष्टी एकाच थैलीतून खर्च होतात, हे खेळाडूला पहिल्याच आराखड्यात कळते.

हे काल्पनिक गणित वास्तवाला धरून आहे. प्रिन्स्टनचे प्राध्यापक जेरार्ड ओनील यांनी १९७४ साली अंतराळवस्तीची कल्पना शास्त्रीय भाषेत मांडली. १९७५ साली ‘नासा’च्या अभ्यासगटाने दहा हजार वस्तीच्या चक्राकार गावाचा आराखडा केला. व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि वजन सुमारे एक कोटी टन! त्यातला बहुतेक भाग किरणोत्सर्ग अडवणाऱ्या कवचाचा. हे गाव एका जागी ठेवायचे होते, तरीही ही स्थिती. २००० सालापासून सतत माणसांचा वावर असलेले आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जेमतेम सव्वाचारशे टनांचे; पण त्याची उंची टिकवायलाही अधूनमधून इंजिने चालवावी लागतात.

२०१९ साली जेफ बेझोस यांनी ओनील यांच्याच धर्तीच्या वस्त्यांची रम्य चित्रे जगापुढे ठेवली आणि सूर्यमालेत एक लाख कोटी माणसे राहू शकतील, असे सांगितले. अशा चित्रांपेक्षा मला ‘ऑरोरा’चे रुक्ष तक्ते अधिक प्रामाणिक वाटतात. चित्रात हिरवळ दिसते, टन दिसत नाहीत.

मात्र या प्रामाणिक चोपडीतही एक रकाना कोरा आहे. खेळात वसतिस्थान यानांच्या यादीत असते आणि माणसे मोजली जातात ती खालच्या ग्रहाच्या वसाहतीत. वसतिस्थान ओढून नेले की मागे जागा अपुरी पडते, गर्दी होते, असंतोषाचा आकडा चढतो. खेळाडू सैन्य धाडतो आणि आकडा उतरवतो. ‘आम्हाला इथून हलायचे नाही’ असे म्हणण्याची सोय त्या माणसांना नाही.

खेळात हे क्षम्य आहे. पण खरी वस्ती उभी राहिलीच, तर हवा, पाणी आणि दिशा या तिन्हींची कळ एकाच मालकाच्या हाती असेल. तिथून रागावून निघून जाण्यासाठी गावाबाहेरचा रस्ताही नसेल. म्हणून अशा वस्त्यांचे आराखडे मांडणाऱ्यांना वजनाइतकाच संमतीचाही हिशेब आजच मागितला पाहिजे. विंचू निदान आपले बिऱ्हाड आपल्या मर्जीने हलवतो.