एकतारी करताना पडलेला प्रश्न



मंदिरातल्या आमच्या भजनी मंडळासाठी यंदा मी घरीच एकतारी केली. सुतारकामाचा अनुभव शून्य. भिंतीत खिळा ठोकायचा तरी यांना हाक मारणारी मी!

आपण पर्स चामड्याची नाही ना ते बघतो, रेशीम नेसावं की नाही यावर वाद घालतो. मग ज्या वाद्यावर स्तवन म्हणायचं, ते कशाचं बनलंय हे का विचारत नाही? मीही कधी विचारलं नव्हतं. भोपळा समोर घेऊन बसले तेव्हा कळलं. पुष्कळ एकतारींच्या भोपळ्यावर कातडं मढवलेलं असतं. जुन्या पद्धतीत लाकूड जोडायला सरस लागतो, तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा. सतार-तंबोऱ्याची घोडी हरणाच्या शिंगाची नाहीतर उंटाच्या हाडाची, पूर्वी हस्तिदंताचीसुद्धा. चपड्याचं पॉलिश लाखेच्या किड्यांपासून. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमानच आहे. दोष कारागिरांचा नाही. लाकडी घोडीही बसवता येते, पण आपण मागतच नाही.

मी कातड्याऐवजी पातळ लाकडी फळी लावली, शिसवीची घोडी केली, सरसाऐवजी फेव्हिकॉल वापरला. वरून जवसाचं तेल चोळलं. दांड्यासाठी आणलेल्या पहिल्या बांबूला बारीक भोकं दिसली, तो परत दिला. करवत चालवली असती तर आतले जीव गेले असते.

खुंटीने मात्र रडवलं. सरळ गोल तासली, तर तार पिळली की सुटायची. खुंटी आणि तिचं भोक दोन्ही निमुळतं हवं, हे तिसऱ्या खुंटीला कळलं. तिला खडू चोळला तेव्हा कुठे धरली.

आवाज कातड्याइतका भरदार नाही, कबूल. एका काकूंनी तोंडावर सांगितलं. पण स्तवनाला 'सा' धरायला तेवढा पुरतो, असं माझं मत.

घरातली जुनी वाद्यं टाकून द्या, असं मी म्हणत नाही. टाकल्याने गेलेला जीव परत येत नाही. नवं घेताना मात्र दुकानात विचाराच.

"मग ढोलकीचं काय गं?" सासूबाईंनी विचारलं. त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. सध्या आम्ही टाळांवरच भागवतोय.