बरणी उकळली, झाकणाचे काय?

वाचकहो, एक गृहस्थ आपल्या ऐंशी वर्षांच्या मातोश्रींची लघवी कल्चरसाठी मुरांब्याच्या बरणीत घेऊन प्रयोगशाळेत गेले. दोन दिवस त्या असंबद्ध बोलत होत्या, म्हणून मीच तपासणी सुचवली होती. बरणी त्यांनी चांगली उकळली होती. झाकण मात्र उष्णतेने वाकडे होईल म्हणून नुसते साबणाने धुतले होते. अहवालात तीन प्रकारचे जंतू आले. असा मिश्र अहवाल बहुधा नमुना दूषित झाल्याचे सांगतो. योग्य डबीत नमुना पुन्हा दिला, तेव्हा एकही जंतू वाढला नाही. असंबद्ध बोलण्याचे कारण निघाले रक्तातील सोडियम कमी होणे. पहिल्या अहवालावर विसंबलो असतो, तर औषध भलतेच गेले असते आणि खरा आजार मागे राहिला असता.

स्वच्छ आणि निर्जंतुक यांत मोठे अंतर आहे. काही जंतूंचे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्यातही तग धरतात. म्हणून प्रयोगशाळेत दाबाखालील वाफेने १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ ते २० मिनिटे निर्जंतुकीकरण करतात. ही उष्णता बाटलीइतकीच झाकणानेही सोसली पाहिजे. पॉलिप्रॉपिलीनचे झाकण ती सोसते. त्यावर त्रिकोणात ५ हा आकडा असतो. ४ आकड्याचे मऊ पॉलिएथिलीन तेवढ्या तापमानाला आकार सोडते. झाकणातली चकती सिलिकॉनची असल्यास टिकते, पुठ्ठ्याची भिजून खराब होते. वाफ आत शिरावी म्हणून झाकण आधी सैल ठेवतात आणि थंड झाल्यावर घट्ट करतात.

आपण घरी हा खटाटोप करू नये. प्रयोगशाळेतून किंवा औषधांच्या दुकानातून वेष्टनबंद निर्जंतुक डबी आणावी. वेष्टन फाटलेले असल्यास ती घेऊ नये. हात धुऊन, आयत्या वेळीच झाकण उघडावे. त्याची आतली बाजू वर राहील असे ते ठेवावे आणि तिला बोट लावू नये. लघवीची पहिली धार सोडून मधली धार धरावी. नळी घातलेल्या रुग्णाचा नमुना पिशवीतून कधीही घेऊ नये. ते काम परिचारिकेकडे सोपवावे. डबीत जंतुनाशक द्रव घालू नये, कारण त्याने खरा जंतूही मरतो आणि आजार लपतो.

नमुना दोन तासांच्या आत पोहोचवावा. अनुकूल उबेत ई. कोलाय हा जंतू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चौसष्ट! उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रीजरमध्ये नव्हे.

वृद्धांच्या शरीराला अनावश्यक प्रतिजैविकांचा भार सोसवत नाही. म्हणून पुढच्या वेळी मुरांब्याची बरणी मुरांब्यासाठीच राहू द्यावी.