नवकार कानी पडतो का?

घरात बाळ जन्मले की आजी-आजोबा त्याच्या कानाशी नवकार मंत्र म्हणतात. तो बाळाला ऐकू आला का, हे मात्र सहसा कोणी तपासत नाही.

जैन शास्त्राने जीवांची गणना इंद्रियांनुसार केली आहे. त्यांत श्रोत्रेंद्रिय पाचवे. ‘श्रावक’ म्हणजेच ऐकणारा. या इंद्रियातील दोष सहज दिसत नाही. ऐकू न येणारे बाळही रडते, हसते, आरंभी हुंकारही देते. दर हजार नवजात बालकांत एक ते तीन जणांना कायमचा श्रवणदोष असतो आणि त्यांतील बहुतेकांच्या आईवडिलांना उत्तम ऐकू येत असते.

चाचणी सोपी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवून मंद ध्वनी सोडतात. निरोगी अंतर्कर्णातून उमटणारा सूक्ष्म प्रतिसाद यंत्र टिपते. हीच ‘ओएई’ चाचणी. तिला काही मिनिटे पुरतात, वेदना होत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कानातील स्रावामुळे प्रतिसाद न मिळाल्यास घाबरू नये. चाचणी पुन्हा करावी. तरीही शंका उरली तर ‘बेरा’ तपासणी करावी. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळासाठी ‘बेरा’च योग्य.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथेच झाला. त्यातील तीस विकारांत जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. परंतु या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व सरकारी, अनुदानित शाळांत जातात. पालघर-बोईसरच्या ज्या व्यापारी कुटुंबांतील बाळे खाजगी प्रसूतिगृहात जन्मतात आणि पुढे खाजगी शाळेत शिकतात, ती या तपासणीतून सुटू शकतात. म्हणून घरी निघण्यापूर्वी ‘कानांची तपासणी झाली का?’ हे कुटुंबानेच विचारावे.

एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचारास प्रारंभ, हा जगन्मान्य क्रम आहे. पुढील तपासणीसाठी वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ‘याचे काकाही उशिराच बोलले’ असे म्हणत, किंवा पुढे सोयरिकीत अडचण येईल या भीतीने दोष झाकत काढलेली दोन वर्षे परत मिळत नाहीत. भाषा रुजण्याचा काळ तोच असतो.

श्रवणदोष असलेले बालकही पंचेंद्रिय जीवच आहे. त्याला वेळेवर श्रवणयंत्र, वाचा-उपचार किंवा खुणांची भाषा मिळवून देणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.