लॅपटॉप आपला, व्होल्टेज कंपनीचं

गेमिंग लॅपटॉप तापतो, अशी तक्रार घेऊन सेवाकेंद्रात गेलेल्या माणसाला एक ठरलेलं उत्तर मिळतं. ‘गेमिंग मशीन आहे, गरम होणारच. एसीत वापरा.’ काउंटरवरचा मुलगा ते पाठ केल्यासारखं सांगतो आणि आपण मान डोलावून परत येतो. ऐंशी-नव्वद हजारांची वस्तू, तिचे हप्ते अजून चालू, तरी दोष आपल्या घराचा, आपल्या पंख्याचा आणि आपल्या उन्हाळ्याचा, असं आपल्याला पटवून दिलं जातं.

माझं म्हणणं असं की हे उत्तर फसवं आहे. लॅपटॉप किती तापेल, यातला मोठा वाटा कारखान्यात ठरवलेल्या एका आकड्याचा असतो. तो आकडा म्हणजे प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज. हा आकडा थोडा खाली आणायची सोय काही वर्षांपूर्वीपर्यंत मालकाच्या हातात होती. ती काढून घेतली गेली, आणि आपल्याला कुणी विचारलंही नाही.

आधी साधा हिशेब. काम करताना प्रोसेसर किती वीज खातो, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: वेग, म्हणजे गिगाहर्ट्झ, आणि व्होल्टेज. वेग दुप्पट केला तर वीज दुप्पट लागते. व्होल्टेज दुप्पट केलं तर मात्र चौपट, कारण तिथे वर्गाचा हिशेब चालतो. १.२० व्होल्टवर चालणारी चिप १.१० व्होल्टवर आणली, तर वेग तोच ठेवूनही कामापुरती लागणारी वीज सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे तेवढी उष्णता मुळात तयारच होत नाही.

मग कंपनी आधीच कमी व्होल्टेज का देत नाही? याला एक रास्त कारण आहे. एकाच मॉडेलच्या दोन चिप कधी हुबेहूब सारख्या निघत नाहीत. एखादी कमी व्होल्टेजवर छान चालते, दुसरी अडखळते. चिप जुनी झाली तरी अडखळू नये, म्हणून शिंपी शिवणीत माया सोडतो तशी कारखान्यात व्होल्टेजची माया सोडली जाते. तक्रार त्या मायेबद्दल नाही. कापड अंगावर चढल्यावर ती शिवण उसवून पुन्हा मापात बसवायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न आहे. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये लोक साधारण ५० ते १२५ मिलिव्होल्ट कमी करत आणि बहुतेक यंत्रं सुरळीत चालत. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. त्यासाठी ‘थ्रॉटलस्टॉप’ नावाचा फुकट प्रोग्राम होता आणि खुद्द इंटेलचं ‘एक्स्ट्रीम ट्युनिंग युटिलिटी’ही होतं.

आता आपल्या उन्हाळ्याकडे येऊ. अनेक लॅपटॉपच्या तपशीलपत्रात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावं. आमच्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर जातो, विदर्भात त्याच्याही वर. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश असते. तिथे पोचल्यावर चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पंखा आणि तांब्याच्या नळ्या किती उष्णता बाहेर टाकतात, हे चिप आणि खोलीच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंश असेल तर तो फरक ७५, खोली ४२ असेल तर फक्त ५८. म्हणजे जो पंखा थंड खोलीत ६० वॉटचा भार पेलतो, तोच आमच्याकडे ४६ वॉटला दमतो. जवळजवळ एक चतुर्थांश ताकद उन्हाने खाल्ली. दुकानदार जो वेग सांगतो तो २५ अंशांचा, आणि पैसे मात्र ४२ अंशांत राहणाऱ्याकडून पूर्ण घेतले जातात.

माझ्या भाच्याचंच उदाहरण घ्या. ॲनिमेशनचा कोर्स करतो, त्यासाठी बहिणीने हप्त्यांवर गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला. दुपारी रेंडर लावला की वीस मिनिटांत तापमान ९८ आणि वेग अर्ध्यावर. घरात सगळे त्यालाच बोलत. तो म्हणे, “मामू, गेम नहीं खेलरा मैं, काम लगाया हूँ.” सेवाकेंद्राने चार दिवस यंत्र ठेवून घेतलं आणि कागदावर लिहून दिलं, ‘तपासणीत दोष आढळला नाही’. त्यांची तपासणीची खोली वातानुकूलित होती. नंतर बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्या उस्तादने ते उघडलं. पंख्यामागच्या जाळीत धुळीची नमद्यासारखी गादी साचली होती आणि चिपवरची पेस्ट सुकून खडू झाली होती. तासाभराच्या कामाने तापमान नऊ अंशांनी उतरलं. व्होल्टेज कमी करायला गेलो तेव्हा प्रोग्रामने ‘लॉक्ड’ असं दाखवलं. उस्तादला कंपनीच्या भाषेत ‘अनधिकृत’ म्हणतात. अधिकृत माणसाला चार दिवसांत न दिसलेली धूळ या अनधिकृत माणसाला पाच मिनिटांत दिसली.

हे कुलूप आलं कुठून? १० डिसेंबर २०१९ रोजी बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेन इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. प्रोसेसरमध्ये ‘एसजीएक्स’ नावाची एक गुप्त तिजोरी असते. व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली ओढून त्या तिजोरीतल्या गणितात चूक घडवता येते आणि तिच्यातली गुपितं काढता येतात, असं त्यांनी दाखवलं. संशोधन अस्सल होतं. पण हल्ला करणाऱ्याकडे त्या संगणकाचा सर्वोच्च ताबा आधीच असावा लागतो, आणि तिजोरी वापरात नसेल तर काही करायची गरज नाही, हेही संशोधकांनीच सांगितलं होतं. इंटेलने बायोसमधून व्होल्टेजची वाट बंद करण्याचा उपाय पुढे केला. लॅपटॉप कंपन्यांनी तो अपडेटमधून सरसकट वाटला, आणि पुढच्या पिढ्यांचे कित्येक लॅपटॉप कुलूप लावूनच बाजारात आले.

पुढची गोष्ट बघा. अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती प्रोसेसरमधून ती तिजोरीच काढून टाकली. चोरी ज्या तिजोरीची होणार होती ती घरातून गेली, तरी दारावरचं कुलूप बहुतेक ठिकाणी तसंच राहिलं. आज काही महागड्या मॉडेलमध्ये व्होल्टेजची मुभा मिळते. याचा अर्थ कुलूप उघडणं शक्य आहे, फक्त त्याची किंमत ठरलेली आहे. सुरक्षेचं कारण खरं असतं, तर ते जास्त पैसे देणाऱ्यासाठी सैल का झालं असतं?

यावर एक प्रतिवाद हमखास येतो. सामान्य माणसाच्या हाती व्होल्टेज दिलं तर तो चिप जाळून टाकेल. व्होल्टेज वाढवण्याबाबत ही भीती खरी आहे. पण कमी केल्याने चिप जळत नाही. फार कमी झालं तर लॅपटॉप अडकतो, निळा पडदा येतो, न जपलेलं काम जातं. पुन्हा सुरू केला की जुने आकडे परत येतात. शिवाय जास्त व्होल्टेजचा मोठा घोळ मालकांनी घातलेला नाही. जुलै २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं की तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमधली अस्थिरता जादा व्होल्टेजमुळे होती, आणि चुकीचं व्होल्टेज मागणारी सूचना त्यांच्याच मायक्रोकोडमध्ये होती. त्या चिपवरची हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. लॅपटॉपच्या चिप त्यात नाहीत असं कंपनी म्हणते, ते मान्य करू. पण व्होल्टेज फक्त कंपनीलाच कळतं, हा दावा त्यानंतर कुणी छातीठोकपणे करू नये.

कुलूप उघडेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. आधी मोजा. ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा फुकट प्रोग्राम तापमान, वेग आणि वॉट एकत्र दाखवतो. तापमान ९५च्या वर जाऊन वेग पडत असेल तर दुखणं उष्णतेचं आहे. तापमान ६०-७० असून वेग ०.८ गिगाहर्ट्झवर अडकला असेल तर चार्जर किंवा एखादा सेन्सर तपासा. तिथे पेस्ट बदलून उपयोग नाही. धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने ती भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. पेस्ट सुकली असेल तर बदलून घ्या. यंत्र गादीवर ठेवू नका, मागची बाजू बोटभर उचला. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ केलं की टर्बो बंद होतो. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. उदाहरणार्थ आय-७ ९७५०एच ही चिप टर्बोत ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत धावते, टर्बोशिवाय २.६ वर राहते. वेग जातो, पण तापमान बरंच उतरतं. व्होल्टेज उघडं असेल तर कोअर आणि कॅश दोन्हींना सारखे उणे ५० मिलिव्होल्ट द्या, मग दहा-दहाने उतरा, दर वेळी तासभर भार देऊन तपासा, अडकलं की वीस मागे या. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर हे सगळं सोडून यंत्र बंद करा.

सेवाकेंद्रात जाताना खोलीच्या तापमानासह ही मोजमापं कागदावर न्या आणि त्यांचं उत्तर लेखी मागा. ‘गरम होणारच’ हे वाक्य तोंडी फार सहज निघतं, सहीनिशी लिहून द्यायला कुणी तयार होत नाही. दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही, मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. चर्चा सुटे भाग, पुस्तिका आणि स्क्रूंची झाली, ती हवीच होती. पण आजचं यंत्र स्क्रूंइतकंच बायोसच्या आत बंद केलेलं असतं. म्हणून त्या हक्कात दोन गोष्टी लिहिल्या जाव्यात. व्होल्टेज कमी करण्याची मुभा बायोसमध्ये, धोक्याची सूचना देऊन, प्रत्येक मालकाला मिळावी. आणि भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या खोक्यावर ४० अंशांच्या हवेत तो सलग किती वेग टिकवतो, हा आकडा छापला जावा. हा आकडा समोर असता तर माझ्या बहिणीने तो लॅपटॉप घेतला असता की नाही, हे तिने ठरवलं असतं.