रुग्णाने बोलायचे कोठे?

एप्रिल २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना उत्तर प्रदेशातील एका तरुणाने आजोबांसाठी ट्विटरवर ऑक्सिजन सिलिंडरची याचना केली. आजोबा दगावले आणि अफवा पसरविल्याचा ठपका ठेवून पोलिसांनी नातवावरच गुन्हा दाखल केला. आजोबांना करोना नव्हताच, असा पोलिसांचा युक्तिवाद होता. नसेलही; पण म्हणून नातवाची धावपळ खोटी कशी ठरते?

त्याच महिन्याच्या ३० तारखेला न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, समाजमाध्यमांवर अशी गाऱ्हाणी मांडणाऱ्यांना त्रास दिल्यास तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल, असे बजावले.

तो काळ आणीबाणीचा होता. एरवी रुग्णाचे तोंड बंद करायला पोलीस लागत नाहीत. पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जायचे असते आणि बदनामीच्या खटल्याची टांगती तलवार असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विधान खरे असून भागत नाही, ते लोकहिताचेही असावे लागते. त्यातच हातात कागद नसतील, तर खरे तरी कशाच्या आधारे ठरवायचे? मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला उपचारांची कागदपत्रे द्यावीत, असे वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. प्रत्यक्षात ती मिळविताना नातेवाइकांची दमछाक होते.

डॉक्टरांचीही बाजू आहे. रुग्ण जाहीरपणे काहीही बोलू शकतो. डॉक्टर मात्र गोपनीयतेने बांधलेले असल्याने केसपेपर उघडून उत्तर देऊ शकत नाहीत. शिवाय रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, हे विसरून चालणार नाही. मात्र तक्रार ऐकणारे कोणी नसले, की संताप हातघाईवर येतो, हेही तितकेच खरे.

खरी कोंडी गरीब रुग्णाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. तथापि, जेथे सर्वांनाच उपचार विनामूल्य मिळतात, ती रुग्णालये त्यातून वगळली गेली. तेथील रुग्णासाठी ग्राहक न्यायालयाचे दार बंदच आहे. वैद्यक परिषद किंवा दिवाणी दावा हे मार्ग कागदोपत्री उरतात. पण रोजंदारी बुडवून तेथे हेलपाटे घालणे किती जणांना परवडेल?